सासूबाईंची फाइल आणि फिब-फोर

आमच्या घरात सासूबाईंच्या रिपोर्टांची एक फाइल आहे. फाइल म्हणजे मेनरोडवरच्या साडीच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात बारा वर्षांचे कागद, शुगरचे, लिपिडचे, मोतीबिंदूचे, ईसीजीची पट्टी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात घडी करून ठेवलेली. कुठल्याही डॉक्टरकडे जायचं तर ती पिशवी काखेत. आणि मला आज सासूबाईंच्या लिव्हरबद्दल जे सांगायचंय ते सगळं त्या पिशवीत तीन वर्षं पडून होतं, आम्ही दर वेळी पिशवी उघडत होतो, कागद काढत होतो, परत ठेवत होतो, पण त्यातले चार आकडे कोणी एकत्र मांडलेच नाहीत. मी सीएच्या ऑफिसात सतरा वर्षं काम करतेय, लोकांच्या हिशोबातली गडबड मला पटकन दिसते, घरातली दिसली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितेय, कुणाच्या तरी घरातली पिशवी वेळेवर उघडली जावी.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात उजवीकडे दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली होती, पित्ताशयात खडा असेल असं वाटलं, खडा नव्हता, पण रिपोर्टाच्या शेवटी लिहिलं होतं ग्रेड २ फॅटी लिव्हर. तेलकट कमी करा, चालायला जा, एवढंच सांगितलं गेलं. ओळखीत ज्याला सांगावं तो म्हणायचा अहो ते आता सगळ्यांनाच असतं, माझंही आहे. आणि ते खरंही आहे, फॅटी लिव्हर इतकं कॉमन झालंय की त्याची भीतीच गेलीय. मग मागच्या वर्षी दिवाळीनंतर परत सोनोग्राफी झाली तर ग्रेड १. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, दोनाचं एक झालं म्हणजे बरं होतंय. रक्तात मोजतात ती लिव्हरची दोन एन्झाइम, एसजीओटी ३८, एसजीपीटी २९, दोन्ही ४० च्या आत. प्लेटलेट १.३२ लाख, तिच्यापुढे एक छोटा एल, म्हणजे लो, छापलेला होता, पण दर पावसाळ्यात डेंग्यूत वीस हजार, तीस हजार झालेले आकडे ऐकून ऐकून आपल्याला एक लाख बत्तीस हजार म्हणजे भरपूरच वाटतात.

मग एका डॉक्टरांचं शुगरवर व्याख्यान होतं, ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये, सासूबाईंना शुगर आहे म्हणून मी त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं की टाइप टू डायबेटिस असलेल्या प्रत्येकाने लिव्हरसाठी फिब-फोर काढून बघावा, अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची पण तीच शिफारस आहे, आणि त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही, घरी असलेल्या रिपोर्टांवरूनच निघतो. मी पाकिटाच्या पाठीवर फॉर्म्युला लिहून घेतला. वय गुणिले एसजीओटी, याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. बास. चार गोष्टी आहेत म्हणून नाव फोर, आणि फिब म्हणजे फायब्रोसिस, लिव्हरमध्ये पडलेले व्रण.

रात्री भांडी झाल्यावर ओट्यावरच पिशवी उघडली. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण येतं. वय ६१, गुणिले ३८, २३१८. एसजीपीटी २९ चं वर्गमूळ ५.३९. प्लेटलेट इथे हजारात घ्यायची, म्हणजे १.३२ लाख असेल तर १३२, हे नीट लक्षात ठेवा कारण आपल्याकडे रिपोर्ट लाखात येतो आणि बऱ्याच जणांची गडबड तिथेच होते. १३२ गुणिले ५.३९, ७११. भागाकार आला ३.२६.

पाकिटावर मी लिहून घेतलं होतं, १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं. मी तीनदा परत केलं. तेच आलं. मग तीन वर्षांपूर्वीचा कागद काढला, वय तेव्हा ५८, एसजीओटी ३४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.७४ लाख, त्याचं आलं १.८९, म्हणजे मधल्या पट्ट्यात, ज्याला पुढची तपासणी करायला सांगतात. त्याच्याही आधीच्या एका रिपोर्टात प्लेटलेट २.१० होती. दोन दहा, एक चौऱ्याहत्तर, एक बत्तीस. दर वेळी वेगळा कागद, वेगळी लॅब, त्यामुळे उतरत चाललेला आकडा कुणाला दिसलाच नाही. एखाद्या धंद्याची कॅश दर वर्षी अशी उतरत गेली असती तर मी मालकाला बोलावून समोर बसवलं असतं.

आता लिव्हरच्या हिशोबात प्लेटलेटचं काय काम असं मलाही वाटलं होतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं आणि मी वाचलंही. लिव्हरमध्ये चरबी साचते, काहींच्या लिव्हरला त्यामुळे सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथल्या ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी, ज्यांचं एरवीचं काम अ जीवनसत्त्व साठवून ठेवणं, त्या आपलं काम सोडून कोलॅजेन नावाचे धागे विणायला लागतात. जखम भरताना कातडीवर जसा व्रण पडतो तसंच, फक्त इथे जखम थांबत नाही म्हणून व्रणही थांबत नाही. लिव्हर कडक होत जातं. आतड्यांकडून आणि प्लीहेकडून, म्हणजे स्प्लीनकडून, रक्त घेऊन येणाऱ्या मोठ्या शिरेला मग पुढे वाट मिळत नाही, आणि नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यामागे पाण्याचा फुगवटा कसा मागे मागे पसरतो तसा रक्ताचा फुगवटा प्लीहेपर्यंत जातो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून बसतात. शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारं हार्मोन मुळात लिव्हरमध्येच तयार होतं, ते पण कमी पडायला लागतं. म्हणून प्लेटलेट भागाकारात खाली आहे, ती उतरली की आकडा चढतो.

आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहणं ही सगळ्यात मोठी चूक. लिव्हर बरंच कडक झाल्यावर एसजीपीटी उलट खाली येऊ शकतो, आणि एसजीओटी त्याच्या वर जातो. सासूबाईंचं बघा ना, आधी ३४ आणि ३६, नंतर ३८ आणि २९. दोन्ही वेळा सगळं नॉर्मल रेंजमध्ये. पण दोघांची जागा बदललेली.

सोनोग्राफीच्या ग्रेडबद्दल पण मला इथे ठासून सांगायचंय कारण यात जवळजवळ प्रत्येक घर फसतं. ग्रेड १, २, ३ म्हणजे चरबी किती दिसते ते. व्रण किती, ते नाही. व्रणांच्या पायऱ्या वेगळ्या असतात, एफ० पासून एफ४ पर्यंत, एफ४ म्हणजे सिरॉसिस, आणि पुढे पेशंटचं काय होणार हे चरबीवर कमी आणि या पायरीवर जास्त ठरतं. व्रण वाढत गेले की कधी कधी चरबी कमी होत जाते. म्हणजे ग्रेड २ चं ग्रेड १ झालं ही आमच्यासाठी चांगली बातमी होतीच असं नाही. डॉक्टर म्हणाले दोन वेगवेगळ्या लोकांनी बघितलं तरी ग्रेड इकडेतिकडे होतो, त्यामुळे त्याच्यावर फार जाऊ नका, पण ज्या कागदाने आम्ही निश्चिंत झालो तो कागद आमच्या प्रश्नाचं उत्तरच देत नव्हता हे ऐकून मी गप्प बसले.

सासूबाईंना सांगणं अवघड गेलं. मी म्हटलं आई, लिव्हरच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन येऊ. त्या भाजी निवडत होत्या, मेथीची जुडी हातात तशीच राहिली. म्हणाल्या, अगं लिव्हरचं तर दारू पिणाऱ्यांना होतं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस हं, लोक काय म्हणतील. आयुष्यभर सोमवार केलेली बाई, माळकरी घरातली, तिला रिपोर्टापेक्षा त्या शब्दाची लाज वाटली. हे मला फार लागलं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं जुनं इंग्रजी नाव बदललं त्यामागे हेही एक कारण होतं, फॅटी आणि अल्कोहोलिक हे शब्द पेशंटला लाज आणतात म्हणून काढून टाकले, आता एमएएसएलडी म्हणतात, म्हणजे शरीराच्या साखर-चरबीच्या बिघाडातून येणारा लिव्हरचा आजार. आपल्याकडे अजून सगळे फॅटी लिव्हरच म्हणतात.

आणि त्या जाड पण नाहीत. वजन ५४ किलो, हातपाय बारीक. पण टेपने कंबर मोजली तर ९१ सेंटीमीटर. आपल्याकडे बाईची कंबर ८० च्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की धोका धरतात, आरोग्य खात्याच्या आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचा प्रश्न असतो तो याचसाठी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, शुगर, बीपी, कॅन्सरच्या बरोबरीने. तेव्हा बारीक आहे म्हणून काही होणार नाही हे डोक्यातून काढून टाका.

पोटविकाराच्या डॉक्टरांनी फाइल शांतपणे बघितली, हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी केली, दोन्ही निगेटिव्ह, आणि फायब्रोस्कॅन सांगितलं. तीन तास उपाशी जायचं. उताणं झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावतात, बरगड्यांच्या मधे एक प्रोब टेकवतात आणि तो टिचकी मारल्यासारखा टक टक करतो, दहा वेळा. ती टिचकी लिव्हरमधून किती वेगाने जाते त्यावरून कडकपणा कळतो, लिव्हर जितकं कडक तितकी लाट वेगाने. दुखत नाही. सासूबाई म्हणाल्या, कलिंगड वाजवून बघतात तसं वाटलं. आकडा आला १४.२ किलोपास्कल. ८ च्या खाली असता तर आम्ही घरी आलो असतो. १४.२ म्हणजे व्रण बरेच आहेत, एफ३ च्या पुढे, सिरॉसिसच्या उंबऱ्यावर. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली म्हणून एंडोस्कोपी पण केली, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते बघायला. नव्हत्या फुगलेल्या. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

बायॉप्सी करायची का विचारलं तर डॉक्टर म्हणाले आत्ता गरज नाही. सुईने जो तुकडा निघतो तो अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो, आणि व्रण सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे तिथेही चूक होऊ शकते. रक्तावरून सांगणाऱ्या तपासण्या आल्या त्या याच अडचणीतून. फिब-फोर २००६ मध्ये आला तो मुळात फॅटी लिव्हरसाठी नव्हताच, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या पेशंटसाठी काढला होता, नंतर इथेही उपयोगी ठरला. त्याच्या आधीचा अ‍ॅप्री आहे, त्यात फक्त एसजीओटी आणि प्लेटलेट. एक एनएएफएलडी फायब्रोसिस स्कोअर आहे, त्यात बीएमआय, शुगर, अल्ब्युमिन पण धरतात. हे सगळे आडून सांगणारे, म्हणजे व्रणांचा परिणाम बघून अंदाज करणारे. थेट व्रणाच्या कारखान्याकडे बघणारी तपासणी म्हणजे ईएलएफ, तिच्यात तीन गोष्टी मोजतात, हायल्युरोनिक अ‍ॅसिड, कोलॅजेन बनताना तुटून पडणारा एक तुकडा, आणि कोलॅजेन साफ करणाऱ्या एन्झाइमला अडवणारं एक प्रोटीन. ९.८ च्या वर गेली तर पुढारलेले व्रण धरतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये तिला परवानगी दिली. फिब-फोर मधे लटकला की फायब्रोस्कॅन किंवा ही, असा क्रम असतो. आम्ही थेट फायब्रोस्कॅन केलं त्यामुळे तिची वेळ आली नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी कुणाला घाबरवायला बसलेली नाही. सासूबाईंचं कळल्यावर मी घरातल्या सगळ्यांचे आकडे मांडले आणि नवऱ्याचा फिब-फोर आला ५.०२. वय ३९. माझे हातपाय गार पडले. मग तारीख बघितली, तो रिपोर्ट सप्टेंबरमधला, त्याला डेंग्यू झाला होता तेव्हाचा, प्लेटलेट ७८ हजार, एसजीओटी ९२, एसजीपीटी ८४. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि हे दोन्ही एन्झाइम चढतात, म्हणजे फॉर्म्युल्यातले वय सोडून तिन्ही आकडे एकदम हलतात आणि येणारा आकडा निव्वळ खोटा. बरं वाटल्यावर दीड महिन्याने केलेल्या रिपोर्टावर तोच हिशोब ०.७९. तेव्हा ताप असताना, आजारपणात केलेल्या रिपोर्टावर हे करू नका. आदल्या दिवशी जिममध्ये खूप वजन उचललं असेल, पांडवलेणी दोनदा चढून आला असाल तरी एसजीओटी वर दिसू शकतो कारण तो स्नायूंतही असतो. रक्त काढताना नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तरी वाढतो. कधी कधी प्लेटलेट नळीत एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात, मग लॅबला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली, बघायला सांगावं लागतं.

वयाचं पण आहे. फॉर्म्युल्यात वय वरच आहे, त्यामुळे पस्तिशीच्या आतल्या मुलांना तो फार भरवशाचा नाही, आकडा कमीच येतो, आणि पासष्टीच्या पुढे सगळ्यांचाच चढतो म्हणून तिथे १.३ च्या जागी २ धरतात. खरं बघितलं तर फिब-फोरची ताकद नाही म्हणण्यात आहे. कमी आला तर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो की मोठं काही नाही. जास्त आला तर मात्र आजार आहेच असं नाही, पुढे जाऊन बघायचं एवढाच त्याचा अर्थ. पण ते पुढे जाऊन बघणंच तर आमच्याकडे तीन वर्षं झालं नाही.

मला एक गोष्ट कळत नाही. क्रिएटिनिन केलं की बऱ्याच लॅबच्या रिपोर्टात खाली किडनीचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, आपोआप छापून येतो, वय धरून, काही वेगळं मागावं लागत नाही. मग एसजीओटी, एसजीपीटी आणि सीबीसी एकाच दिवशी केलेलं असताना, वय कागदावर वरच छापलेलं असताना, फिब-फोरची एक ओळ का छापत नाहीत. पैसा लागत नाही, रक्त लागत नाही. शुगरच्या पेशंटच्या रिपोर्टात तरी ती यायलाच हवी. मी ज्या लॅबमध्ये जाते तिथे काउंटरवर दर वेळी सांगते. परवा तिथल्या मुलीने वहीत लिहून घेतलं.

बाकी घरात काय बदललं ते थोडक्यात. शुगर ताब्यात आणली, हे सगळ्यात आधी. सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर थोडी आणि दाण्याची आमटी, ताक. जेवणात रोज उसळ किंवा पनीर. द्राक्षांच्या दिवसात नातेवाइकांकडून पेट्या येतात, त्या आता येताच वाटून टाकतो, त्यांच्यासाठी वाटीभर ठेवतो. चहा दोनदाच आणि बिनसाखरेची कॉफी एकदा, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे व्रण कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, डॉक्टरांनीही होकार दिला. गुळवेलीचा काढा घ्यायच्या त्या, कोविडपासूनची सवय, तो बंद केला, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या पेशंट्सची नोंद छापली होती, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण आधीच कडक झालेल्या लिव्हरवर मी प्रयोग करणार नाही. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला, डिसेंबरच्या थंडीतही स्वेटर-कानटोपी घालून गेल्या. वजन साडेतीन किलो उतरलं. जाड माणसांनी दहा टक्के वजन कमी केलं तर बऱ्याच जणांचे व्रण मागे सरकल्याचं दिसलंय, सासूबाईंसारख्या बारीक लोकांना तेवढं उतरवायची गरज नसते. औषधं पण आता येतायत, २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉमला आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली, दोन्ही एफ२-एफ३ वाल्यांसाठी, सिरॉसिस झालेल्यांसाठी नाही. म्हणजे लवकर सापडण्याला आता जास्तच किंमत आलीय. सासूबाईंचं काय करायचं ते डॉक्टर पुढच्या फायब्रोस्कॅननंतर ठरवणार आहेत. सहा महिन्यांनी सोनोग्राफी मात्र चुकवायची नाही असं बजावलंय.

मागच्या आठवड्यात रिपोर्ट केले. वय ६२, एसजीओटी ३०, एसजीपीटी २४, प्लेटलेट १.३८ लाख. हिशोब २.७५. अजून रेषेच्या वरच आहे. डॉक्टर म्हणतात असा थोडा फरक बघून आनंद किंवा दुःख करायचं नाही, फिब-फोर महिन्या-महिन्याला तोलायला नाही, त्यामुळे मी करत नाहीये. पण सासूबाईंनी त्यांच्या शुगरच्या वहीत तो आकडा स्वतः लिहिला, तारखेसकट.

आणि रविवारी त्या सिन्नरच्या मावशींशी, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी आत कपडे घडी करत होते. कुणाला सांगू नकोस म्हणणाऱ्या सासूबाई मोठ्याने सांगत होत्या, अगं मला लिव्हरचं निघालंय, दारूचं नाही गं, शुगरचं, तुलापण शुगर आहे ना, तुझ्या प्लेटलेट किती आहेत बघून सांग, रिपोर्टाचा फोटो पाठव माझ्या सुनेला. संध्याकाळी फोटो आला, तिरका, ट्यूबलाइटची चमक पडलेला. वय ५७, एसजीओटी २६, एसजीपीटी ३१, प्लेटलेट २.४८ लाख. आधी विचारलं, मावशी रिपोर्ट केला तेव्हा ताप वगैरे नव्हता ना? नव्हता. मग केलं, १.०७ आलं. तुमचं आत्ता ठीक दिसतंय, पण शुगर आहे तर वर्ष-दोन वर्षांनी परत करायचं आणि हा कागद टाकून द्यायचा नाही असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या थांब, शेजारच्या वहिनींचा पण पाठवते.